पागेतला दुसरा दिवस

मराठ्यांच्या घोडदौडीचे वर्णन करताना आमच्या इतिहासलेखकांची लेखणी टापांच्या धुळीत मनसोक्त रमते; परंतु मजल मारून परतलेले जनावर दुसऱ्या दिवशी ठाणावर कसे उभे होते, हे पाहण्यास पागेत सहसा कोणी शिरत नाही. वस्तुतः स्वारीचे सामर्थ्य तेथेच सिद्ध होत असे. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणकडील अंमलदारांस लिहिलेल्या पत्रात दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद आहे, ती याच जाणिवेतून.

कोल्हापुराहून पन्हाळ्याची वाट घ्यावी, म्हणजे या जाणिवेचे मर्म ध्यानी येते. चढणीवर घोडा धापा टाकतो खरा, पण स्नायूंचे खरे नुकसान उतरणीवर होते. कारण अंगाचा आणि स्वाराचा भार सावरताना ताणले जाणारे स्नायूच आकुंचन पावत असतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतो. स्नायूंत साठणाऱ्या लॅक्टिक आम्लास या ठणक्याचा दोष देण्याची रीत होती. पण ते तर तासा-दोन तासांत निवळते.

सूक्ष्मदर्शकाखेरीजही जाणता मोतद्दार हे ओळखून असे. घामेजलेला घोडा एकदम न बांधता, तंग सैल करून, श्वास संथ होईपर्यंत तो त्यास हिंडवी. पाणी बेताने पाजी. मग खरारा करून, गवताची मूठ वळून पुठ्ठे आणि मांड्या नेटाने चोळी. विसाव्याच्या दिवशी चंदी कमी करणे हेही अगत्याचे. कारण पुरी चंदी खाऊन निजलेले जनावर दुसऱ्या दिवशी एकाएकी कामास जुंपले, तर त्याचे पुठ्ठे दगडासारखे ताठतात, मूत्र काळसर तांबडे होते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. रविवारच्या सुट्टीनंतर हे घडे म्हणून युरोपात त्यास सोमवारचा रोग म्हणत.

पागेचा विषय निघाला की कोल्हापूरचे शाहू महाराज आठवतात. १८९४ साली राज्यकारभार हाती घेणाऱ्या या महाराजांना घोड्यांचा विलक्षण षोक. खडखड्याचे, म्हणजे त्यांच्या घोडागाडीचे, लगाम ते स्वतः धरीत. त्यांच्याच पागेतील चाकर, अस्पृश्य मानले गेलेले गंगाराम कांबळे यांनी मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून इतर चाकरांनी त्यांना मारहाण केली. ज्या हातांनी जनावरे जपावीत, त्यांना पाण्याची बंदी असावी, हा अन्याय महाराजांना साहवला नाही. अपराध्यांस त्यांनी शासन केले, कांबळ्यांस चहाचे दुकान काढून दिले आणि खडखड्यातून येऊन तेथे उघडपणे चहा घेतला. कोल्हापूरच्या पागेचा इतिहास कोणी लिहील, तर त्याने सरदारांच्या नामावळीआधी या मोतद्दारांची दखल घ्यावी.