‘न ये’ ते ‘नये’

‘येथे वाहने उभी करू नयेत.’ अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही सरकारी फाटकावर दिसणारी ही पाटी. तिच्यातला शेवटचा ‘त’ कुणाचा आहे? मनाई तर गाडीवाल्याला आहे. पण ‘रामाने फूल तोडू नये’ आणि ‘रामाने फुले तोडू नयेत’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की दिसतं, राम एकच राहिला, बदललं ते फूल. म्हणजे ‘नये’ हे क्रियापद रामाकडे पाहत नाही, फुलांकडे पाहतं. (‘तू जाऊ नयेस’मधला ‘स’ मला ‘जावेस’च्या वळणाने मागाहून आलेला वाटतो.) असं का, याचं उत्तर शोधायचं तर वऱ्हाडातच सातशे-साडेसातशे वर्षं मागे जावं लागतं.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू इथले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामी गेल्यानंतर, त्यांचे शिष्य याच गावी एकत्र आले. नागदेवाचार्यांच्या आणि इतरांच्या आठवणी विचारून, पारखून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते इ. स. १२७८च्या सुमारास. त्याच आठवणींतून केशिराजबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ठेवा, आणि त्यातला केवढा तरी भाग विधि-निषेधाचा आहे. साधकाने कुठे राहावं, कुठे जाऊ नये, काय मागू नये. कानडी आणि तेलंगी मुलखात जाण्याची मनाई करणारं वचन तर महाराष्ट्रात कित्येकांना तोंडपाठ आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्याची घडण साधी आहे: आधी जागेचं पद, मग नकार, मग क्रियापद. ‘न वचावे’. यातलं ‘वचणे’ म्हणजे जाणे. वऱ्हाडातून ते गेलं, पण गोव्यात ‘वचप’ आजही रोजच्या बोलण्यात आहे.

इथे नकार क्रियापदाच्या पुढे चिकटलेला आहे: न करावे, न जावे, न मागावे. ‘करावे’ला ‘न’ लावला की मनाई तयार. मग आज आपण ‘न करावे’ सोडून ‘करू नये’ का म्हणतो?

कारण जुन्या मराठीत दुसरी एक जोडी होती. ‘म्हणो ये’ म्हणजे म्हणता येतं, ‘म्हणो न ये’ म्हणजे म्हणता येत नाही. हे साधं ‘येणे’ क्रियापद. आज आपण ‘फुलं तोडता येत नाहीत’ म्हणतो, तेव्हा ‘नाहीत’ फुलांशी जुळतं, कारण येणारी किंवा न येणारी वस्तू फुलंच आहेत. ‘फुले तोडू न येत’ हे त्याचंच जुनं रूप. पाटीवरचा ‘त’ तिथून आला. ‘नयेत’ लिहिणाऱ्या पेंटरच्या हातून तेराव्या शतकातलं एक सबंध क्रियापद उतरत असतं.

अर्थ मात्र हलला. ‘येत नाही’चं ‘योग्य नाही’ झालं. हे कसं होतं ते कुठल्याही घरात ऐकायला मिळतं. पानातली भाकर टाकणाऱ्या पोराला आजी म्हणते, ‘असं अन्न टाकता येत नाही बाबू.’ पोराला टाकता येतं, त्याने आत्ताच टाकलं आहे. आजी अशक्यतेची भाषा वापरून मनाई करते आहे. अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट वारंवार मनाई म्हणून ऐकली गेली, की शब्द त्या बाजूला झुकतो. पुढे ‘करू ये’ हे होकारी रूप भाषेतून पुसलं गेलं, त्याची जागा ‘करता येतं’ने घेतली, आणि ‘नये’ एकटं उरलं. आज त्याचा होकारी जोडीदार ‘करावे’ आहे, दुसऱ्याच घराण्यातला.

इंग्रजीतही मनाईचा शब्द असाच आपल्या होकारी जोडीदारापासून तुटला आहे, आणि मला तरी भाषांच्या इतिहासातलं हे साम्य थक्क करणारं वाटतं. ‘मस्ट’ हे मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘मोतान’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप, आणि त्याचा अर्थ होता ‘मुभा असणे’. नकार लावला की ‘मुभा नाही’. कालांतराने होकारी ‘मस्ट’ मुभेकडून सक्तीकडे गेलं, पण ‘मस्ट नॉट’ जुन्या अर्थाला धरून बसलं. ‘यू मस्ट गो टू अकोला’ म्हणजे अकोल्याला जायलाच हवं. त्यात ‘नॉट’ घातलं की खरं तर ‘जायलाच हवं असं नाही’ असा अर्थ निघायला हवा होता. निघतो तो ‘जाऊ नये’. ‘गेलं नाही तरी चालेल’ म्हणायला इंग्रजीला ‘नीड नॉट’ हे वेगळं क्रियापद बोलवावं लागतं. जर्मनांनी त्याच मुळातल्या ‘म्युसेन’ला नकार लावला आणि त्यांच्याकडे तो ‘गरज नाही’ या अर्थी स्थिरावला. इंग्रजीत होकारी शब्द फिरला, नकारी शब्द जुन्या घरात राहिला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवणाऱ्या पिढ्यांनी ‘मस्ट नॉट’समोर ‘नये’ लिहिलं, तेव्हा आपापल्या वाटेने मनाईपर्यंत आलेले दोन शब्द समोरासमोर बसले होते.

जागेचं किंवा वेळेचं पद सोबत आलं की प्रश्न आणखी बारीक होतो. ‘दिवाळीआधी अकोल्याला जाऊ नये.’ नकार कशाला लागला? जाण्याला, अकोल्याला की दिवाळीआधीला? इंग्रजीत ‘बिफोर’चा तुकडा वाक्याच्या शेवटी लोंबत राहतो आणि आवाजाच्या चढउतारावर सगळं अवलंबून असतं. मराठी एकदोन अक्षरं घालून मोकळी होते. ‘दिवाळीआधी तरी’ म्हटलं की नंतर जायला हरकत नाही. ‘अकोल्यालाच’ म्हटलं की अमरावती खुली राहते. वऱ्हाडी तर ‘त’वर भागवते: ‘दिवाळीच्या पह्यले त अकोल्याले जाऊ नोको.’

या ‘नोको’चा प्रवास निराळा. ‘नये’ला समोर माणूस लागत नाही, ते पाटीवर, सूत्रात, नियमात एकटं उभं राहू शकतं. ‘नको’ तोंडासमोर म्हटलं जातं. म्हणूनच ते बाजारातून दुसऱ्या भाषेत गेलं. वऱ्हाडातलं अचलपूर ही १४९० ते १५७४ इमादशाहीची राजधानी होती. पुढे १७२४च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाच्या हाती गेलं आणि १८५३मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली येईपर्यंत तिथेच राहिलं. मराठी आणि दखनी शतकानुशतकं एकाच पेठेत नांदल्या. दखनीने ‘नक्को’ उचललं ते मराठीतून, आणि आज हैदराबादची ओळखच त्या शब्दाने सांगतात. हिंदीत ‘मत’ आहे, ‘नहीं चाहिए’ आहे, पण एका दमात वस्तूही नाकारणारा आणि कृतीही थांबवणारा शब्द नाही. ती गरज ‘नक्को’ने भागवली.

गाडगेबाबांनी ‘नका’ निवडलं हेही मला महत्त्वाचं वाटतं. १८७६मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाचं कीर्तन वऱ्हाडीत, आणि सवाल-जवाबाचं. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, हे त्यांचं सांगणं. ‘करू नये’ म्हटलं असतं तर ते उपदेशाच्या पोथीत जमा झालं असतं. ‘नका’ म्हटल्यावर समोरच्याला मान हलवावीच लागते.

बोलीतले नकार कागदावरही उतरले. १९०५मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. सगळ्या बोलींना एकच गोष्ट दिली होती, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. परतलेला मुलगा बापाला म्हणतो, तुझा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. नकार आणि पात्रता एकत्र बांधण्याची ही कसोटी प्रत्येक बोलीला द्यावी लागली.

आज मात्र नकाराच्या या संसारात एक शब्द इतरांची जागा खातो आहे: ‘शकत नाही’. शब्द जुना आणि आपलाच, पण प्रत्येक ‘कॅनॉट’समोर तो लिहायची सवय शाळेत लागली आणि वर्तमानपत्रांनी ती पक्की केली. त्यामुळे ‘मी चालू शकत नाही’ हे एकच वाक्य चार माणसांच्या तोंडी येतं. वऱ्हाडी माणसाकडे चार वाक्यं आहेत. ‘मले चालवत नाही’ म्हणजे पाय थकले. ‘मले चालता येत नाही’ म्हणजे पाय मोडला असेल, नाहीतर वाट नसेल. ‘माह्याच्यानं चालनं होत नाही’ यात अंगातलं बळच सरलं. ‘मले जमत नाही’मध्ये वेळ नाही किंवा मन नाही. दवाखान्यात डॉक्टरपुढे बसलेल्या म्हातारीच्या तोंडी यातलं कोणतं वाक्य आहे, त्यावर निदान फिरू शकतं. हा फरक वाया जाऊ द्यायला माझं मन तयार होत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी सूत्रांचे पाठ ताडून पाहावेतच, पण मोर्शी-बाळापूरच्या आठवडी बाजारात बसून हे नकारही टिपून घ्यावेत. ‘न लगे’ म्हणजे गरज नाही, हे जुनं रूप पुस्तकी मराठीत फक्त पद्यात उरलं. वऱ्हाडात ‘जा लागते’ आणि ‘जा लागत नाही’ ही जोडी रोज ऐकू येते. ‘मस्ट’चा नकार करताना इंग्रजीला दुसरं क्रियापद आणावं लागलं, वऱ्हाडीला नाही: ‘अकोल्याले जा लागत नाही’ म्हणजे गेलं तरी चालते, नाही गेलं तरी चालते.