दोन हातांमधली धूळ

सुताराच्या घरात भुसा असतोच. तो चुलीला लागतो, पावसाळ्यात गोठ्यात टाकायला लागतो. पण धूळ वेगळी. पॉलिशचा एक हात वाळला, की त्यावर काचपेपर फिरवायचा. मग जी पांढरट पिठी उठते ती धूळ. ती तशीच ठेवून दुसरा हात मारला, तर आतल्या आत बसते आणि सागवानाच्या फळीवर रवा पेरल्यासारखी दिसते. आमच्या कृष्णाकाठच्या घरात ही धूळ पुसण्याचं काम आजीकडं होतं. आमच्या धंद्याचा इतिहास सांगताना तिच्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण बाकी सगळे आबांपासून करतात.

बलुत्याच्या काळात पॉलिशचा प्रश्नच नव्हता. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं हे सगळं बाभळीचं काम. वाकसानं तासायचं, पटाशीनं भोकं पाडायची, फार तर तेलाचं बोट फिरवायचं. नांगराला चकाकी हवी कुणाला? सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, वर्षभर शेतकऱ्याचं औत सांभाळायचं. मग १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या भागापासून ती काही लांब नाही. तिथला लोखंडी नांगर हळूहळू रानोरान गेला. शेतकऱ्याचं भलं झालं, जमीन खोल निघू लागली. पण सुताराच्या हातातलं मोठं काम गेलं. पुढं साखर कारखाने उभे राहिले, उसाचा पैसा आला आणि लोक औताऐवजी दिवाण, कपाट, देव्हारा, पोरीच्या लग्नातला पलंग सांगायला लागले. म्हणजे आमचं दुकान रानातून माजघरात आलं. तिथं चकाकी लागते.

चकाकी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक बारका किडा राळेसारखा पदार्थ सोडतो, ती लाख. ती मुख्यतः छोटा नागपूरकडची. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेची संशोधन संस्थाच आहे. शुद्ध करून पातळ पापड्या केल्या की तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, की पॉलिश तयार. स्पिरिटचं मात्र दुखणं होतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर त्यावर सरकारची नजर आली, आणि गावातल्या पिणाऱ्यांची तर आधीपासूनच होती. ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोही. आबा बाटली लाकडी पेटीत कुलपात ठेवायचे आणि किल्ली आजीच्या कमरेला.

आता धुळीकडं येतो. लाखेचा हात लवकर वाळतो. स्पिरिट उडून जातं, पण लाकडाचे बारके तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. म्हणून झिरो नंबरचा काचपेपर, तोही थोडा वापरून मऊ झालेला, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवायचा. आडवा फिरवला तर ओरखडे पडतात आणि पुढच्या हातात ते जास्तच उठून दिसतात. घासून झालं की आजी पुढं यायची. आधी कोपऱ्यातली, नक्षीतली धूळ मऊ कुंच्यानं बाहेर काढायची. मग जुन्या सुती लुगड्याचं फडकं. नवं कापड चालत नसे, त्याचे धागे सुटतात. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचे सुटत नाहीत. ते किंचित ओलसर करून घट्ट पिळायचं, एका दिशेनं एकदाच पुसायचं, घडी उलटायची, मग पुढची पट्टी. मागं-पुढं घासलं तर धूळ नुसती जागा बदलते. शेवटी ओल जाईपर्यंत थांबायचं, कारण ओल राहिली की लाख पांढरी पडते. पावसाळी हवेतही ती अशीच पडते, म्हणून आषाढ-श्रावणात आबा पॉलिश काढतच नसत.

फुंकर मारायला मनाई होती. फुंकरीत थुंकी असते, आणि उडालेली धूळ पुन्हा तिथंच येऊन बसते. पॉलिशची वेळही ठरलेली. सकाळी सडा टाकून जमीन बसली की दार लोटून घ्यायचं. संध्याकाळी गुरं परतताना तर नाहीच. लग्नाला गोरज मुहूर्त चांगला असेल, पॉलिशला नाही.

आबांचा हात शिवशिवायचा. गिऱ्हाईक दारात बसलेलं असायचं. ते पुरचुंडी बुडवायला लागले की आजी म्हणायची, "अवो, थांबा जरा. अजून धूळ हाय."

"कुठं हाय? मला तर दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, हाताला लागती."

आणि आबा थांबायचे. गावात कुणाचं न ऐकणारा माणूस तिच्या तळहाताचं ऐकायचा. शिसमाच्या कामाला तिला शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. पदर नाकाला बांधून ती पुसत राहायची. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करू शकते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली जाहीर केलं. तोवर आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला पदराशिवाय दुसरं काही कुणी दिलं नव्हतं.

आता माझा पुतण्या शहरात फर्निचरचं काम करतो. लाखेच्या जागी मेलामाइन आणि पीयू आलं, पुरचुंडीच्या जागी स्प्रे गन. पोरं कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवतात; ती अर्धी छातीत जाते, अर्धी ओल्या हातावर येऊन बसते. पुतण्यानं धूळ ओढून घेणारं मशीन घेतलं, तोंडाला मास्क लावायची सक्ती केली. तरी स्प्रेच्या आधी तो तळहात फिरवतोच. हे त्याला कुणी शिकवलं, विचारलं तर सांगता येत नाही.

बलुतं आबांच्या नावानं यायचं. पलंग, देव्हारे आबांच्या नावानं ओळखले जायचे आणि अजूनही ओळखले जातात. त्यातल्या प्रत्येकावर पॉलिशचे आठ-दहा हात आहेत. त्या हातांच्या मधे दर वेळी आजीचा हात फिरलेला आहे. तो दिसत नाही, आणि तो दिसत नाही म्हणूनच ते काम अजून आरशासारखं आहे.