शाळा कुणी चालवावी?

शिक्षण समितीची बैठक मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीही दाराबाहेरच्या बाकावर बसून. 1978 साल होतं, मी चौथीत होतो. गुजरातेतल्या ज्या शहरात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या, तिथल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत आई शिकवायची आणि मी त्याच शाळेत शिकायचो. पटावर 41 मुलं उरली होती. शाळा बंद करून आम्हाला शेजारच्या गुजराती शाळेत घालावं, असा प्रस्ताव समितीपुढे आला होता. आईनं मला बरोबर का नेलं, हे तिनं कधी सांगितलं नाही. समितीच्या लोकांना एक तरी मूल डोळ्यांपुढे दिसावं, असा तिचा हेतू असावा.

दार अर्धवट उघडं होतं. शासनाधिकारी गुजरातीत एकेक विषय वाचत होते, कुणीतरी ‘मंजूर’ म्हणत होतं, आणि मध्येच बशीवर कप ठेवल्याचा आवाज येत होता. आमचा विषय निघाला तेव्हा एक सदस्य बोलायला उठले. ते आमच्या गल्लीतले, गणेशोत्सवाचे अध्यक्ष. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. आदल्या रविवारी बाबा आणि गल्लीतले चार-पाच जण त्यांच्या घरी जाऊन बसले होते. काका पाचेक मिनिटं बोलले. शाळा राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, “बाई, आता पट वाढवा.”

ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. स्थानिक लोकशाही म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी त्या अर्धवट उघड्या दाराची गोष्ट सांगायचो. निर्णय घेणारा माणूस भाजीबाजारात भेटतो, त्याला गाठता येतं, हे मला फार मोलाचं वाटत असे. या गोष्टीचा दुसरा भाग मला अलीकडे कळला. तो सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण शाळा गावानं चालवावी की सरकारनं, हा वाद आमच्या शाळेपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे.

मुंबई इलाख्यात 1860च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याचा उपकर बसवला गेला. ‘लोकल फंड’ हे त्याचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे शाळेचा पैसा गावातून येत होता, पण शिक्षक नेमणं, पुस्तकं ठरवणं आणि तपासणी हे सगळं विद्याखात्याच्या हातात होतं. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, या व्यवस्थेत पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे.

1882 साली दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना अधिकार द्यावेत, त्यातून लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळेल, असा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग देशभर साक्षी घेत होता. प्राथमिक शाळा या नव्या स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात, असं पुढे या आयोगानंच सुचवलं.

ऑक्टोबरमध्ये आयोगापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांचं निवेदन गेलं. फुल्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळू नये. त्याच निवेदनातल्या एका बारीक मुद्द्याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. मोठ्या शहरांतल्या शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार मात्र त्यांच्याकडे देऊ नये, तो विद्याखात्याच्या देखरेखीखाली असावा, असं फुले म्हणतात. हे सांगणारा माणूस स्वतः पुणे नगरपालिकेचा सदस्य होता. सहीखाली त्यांनी तशी नोंदही केली आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोंधळलो. लोकांच्या बाजूचा माणूस लोकांच्या संस्थेवर अविश्वास का दाखवतो? मग लक्षात आलं की फुले त्या सभागृहात बसलेले होते. तिथे कोण निवडून येतं, कोणाच्या विषयाला किती वेळ मिळतो, महार-मांगांच्या मुलांच्या शाळेचा विषय निघाला की खुर्च्या कशा सरकतात, हे त्यांना कागदावरून नव्हे, अनुभवातून ठाऊक असणार. परक्या सरकारवर त्यांचा भरवसा होता असं मुळीच नाही, त्याच निवेदनात सरकारवर कडक टीका आहे. तरीही शेजाऱ्याच्या हातात सगळी सत्ता जाण्यापेक्षा दूरचा तपासनीस असलेला बरा, असा हिशेब त्यांनी केला.

हा हिशेब तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नाही. राष्ट्रीय चळवळीची मागणी उलट दिशेनं होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा सक्ती लागू करायची की नाही हे त्यांनी स्थानिक संस्थांवरच सोपवलं होतं. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळलं गेलं. दरम्यान संस्थानिकांनी हे काम हुकमानं करून दाखवलं होतं. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्ती आणली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये. शाहूंनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूमही काढला. कुठल्याही निवडून आलेल्या मंडळाला तोवर असा ठराव करणं जमलं नव्हतं, हे मनाला टोचतं, पण ते खरं आहे.

ब्रिटिश मुलखात 1918 साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे खातं भारतीय मंत्र्यांकडे आलं. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. मास्तरांच्या नेमणुका, बदल्या, इमारती, सगळं बोर्डाकडे. आमच्या आजोबांच्या पिढीतले मास्तर ‘बोर्डाचा मास्तर’ म्हणूनच ओळखले जायचे.

त्याच 1923 सालच्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. एका वर्षात एकाच सभागृहानं शाळा खुल्या केल्या आणि त्या शाळांच्या किल्ल्या गावाच्या हातात दिल्या. या दोहोंचा मेळ कसा बसला, ते महाडनं दाखवलं. तिथल्या नगरपालिकेनं बोले ठरावाप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. मार्च 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. बहुमतानं दिलेलं बहुमतानंच काढून घेतलं.

दुसऱ्या वर्षी, मे 1928 मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं आंबेडकरांनी सायमन आयोगाला दलित वर्गाच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. त्यातली मागणी फुल्यांच्या मागणीशी जुळते: प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे देणं थांबवा, नाहीतर दलितांच्या शिक्षणाला मोठा धक्का बसेल. दोन माणसं, मध्ये 46 वर्षं, आणि निष्कर्ष एकच. दोघांनाही लोकशाही नको होती असं म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1938 मध्ये खेर मंत्रिमंडळानं कायद्यात दुरुस्ती करून बोर्डांचे हात थोडे बांधले. तपासणी सरकारनं परत घेतली आणि बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी माणूस झाला. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं हीच घडी कायम केली. निवडलेलं मंडळ आणि सरकारनं नेमलेला अधिकारी, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. 1960 मध्ये इलाखा फुटला तेव्हा हा कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रात तो अधिकारी ‘प्रशासन अधिकारी’ राहिला, गुजरातेत ‘शासनाधिकारी’ झाला. माझ्या लहानपणीचा विषय वाचणारा आवाज म्हणजे खेरांच्या दुरुस्तीचाच आवाज होता, हे मला पन्नाशीत कळलं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. गुजरातेतल्या मराठी शाळांवर काही लिहावं म्हणून मी त्या बैठकीच्या कार्यवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकारात मागवली. चार महिन्यांनी ती आली. आमचा विषय सातवा. ठराव चार ओळींचा, खाली सूचक आणि अनुमोदक: शाळा चालू ठेवावी, आणि गळकं छप्पर धोकादायक असल्यानं त्याच्या दुरुस्तीसाठी तरतूद करावी. आठवा विषय सफाई कामगारांच्या वस्तीतल्या शाळेचा होता. तिथे एका खोलीत दोन वर्ग भरत होते आणि आणखी दोन खोल्यांची दरखास्त होती. त्यापुढे एकच ओळ होती. त्या खोल्यांसाठी ठेवलेली रक्कम विषय क्रमांक सातकडे वळवावी आणि दरखास्त पुढील वर्षी विचारात घ्यावी. ‘चर्चा’ असं काही लिहिलेलंच नाही. मंजूर.

त्या पानाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाच्या विरोधात एक शब्दही काढलेला दिसत नाही. बाबा त्यांच्या घरी गेले, कारण बाबांना त्यांच्या घरी जाता येत होतं. वस्तीतल्या कुणाला त्या रविवारी कुणाच्याही बैठकीच्या खोलीत चहा मिळाला नसता. समितीचे सदस्य नगरसेवक निवडून देतात, काही सरकार नेमतं. पालकांना थेट मत नसतं. त्यामुळे ज्याला ओळख, त्याला मत. परप्रांतातले अल्पसंख्य म्हणून आम्ही स्वतःला नेहमी दुबळे समजत आलो. त्या बैठकीत आम्ही दुबळे नव्हतो. आईच्या वर्गाचं छप्पर त्या दोन खोल्यांच्या पैशानं शाकारलं गेलं आणि त्या छपराखाली मी चौथी पास झालो.

आई आता नाही. तिला हे ठाऊक होतं का, हा प्रश्न मी मनात अनेकदा घोळवला. ठाऊक नसावं. पण असतं तर तिनं शाळा सोडून दिली असती का? 41 मुलांची बाई म्हणून तिनंही बहुधा सही केली असती. कुठल्याही समितीत प्रत्येक जण आपापला विषय घेऊन बसलेला असतो. पुढच्या विषयाचं कोण बघणार, हे ठरवायला कुणीतरी वेगळं लागतं.

फुले आणि आंबेडकर जे मागत होते ते मला आता समजतं. त्यांना शाळा गावापासून तोडायच्या नव्हत्या. ज्याच्या वतीनं बोलायला सभागृहात कुणी नाही, त्याचा विषय वाचला जाईल आणि डावलला गेला तर वरून जाब विचारला जाईल, एवढी हमी त्यांना हवी होती. 1938 च्या दुरुस्तीनं सरकारी अधिकारी आणून बसवला, पण 1978 च्या त्या खोलीत त्यानं विषय फक्त वाचला. नजर ठेवणाऱ्यावर नजर कुणी ठेवायची, हा प्रश्न उरलाच.

महाराष्ट्रानं 2013 मध्ये कायदा करून महापालिका आणि नगरपालिकांची शिक्षण मंडळं मोडीत काढली. बदल्यांचे आणि खरेदीचे आरोप इतके झाले होते की त्यांच्यासाठी रडायला फारसं कुणी उरलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्यानं त्याआधीच, 2009 मध्ये, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आणली होती. तीन चतुर्थांश पालक, त्यात दुर्बल गटांना त्यांच्या प्रमाणात जागा, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कागदावर पाहिलं तर फुल्यांच्या शंकेला मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर आहे, कारण वस्तीतली आई इथे स्वतःच सदस्य असते. पण पैसा वाटणारी जागा या समितीच्या वरच कुठेतरी राहिली. आपल्या शाळेचं गळकं छप्पर तिला दिसतं. शेजारच्या शाळेच्या वाट्याला काय गेलं, ते तिला दिसत नाही.

आमची शाळा 1990च्या सुमारास शेवटी बंद झालीच. पट 41 वरून 12 वर आला होता. वस्तीतल्या शाळेत मी गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो. आता तिथे सहा खोल्या आहेत. मुख्याध्यापिकांना मी विचारलं, पहिल्या दोन जादा खोल्या कधी झाल्या? त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, “1986.”

आठ वर्षं. एका मुलाचं पहिली ते आठवी एवढं शिक्षण. मी आभार मानून निघालो. व्हरांड्यात मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. त्यातल्या एकानं गुजरातीत मला विचारलं, “साहेब, तुम्ही तपासणीला आलात का?” मी नाही म्हणालो.