पाच नंबरला बसा

डोळे उघडायची घाई करू नका, आधी वास घ्या. कुजक्या अंड्यांचा हा जो भपकारा आला, तो गंधकयुक्त वायूचा. त्याच्या मागोमाग समुद्र येतो: खारा, कोमट, अंगाला चिकटणारा. आता उघडा डोळे. रात्रीचे आठ वाजलेत, तरी रस्त्यावर तुमची सावली पडलीय आणि ती हलतेय, कारण पाठीमागे कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीची फ्लेअर जळतेय. कव्हरऑलच्या पाठीवर घाम वाळून मिठाच्या रेघा उठल्यात. २००६ सालच्या जूनमधला हा गुरुवार. उद्या शुक्रवारची सुट्टी. आखातात कामाला आलेल्या माणसाची स्वतःची म्हणावी अशी आठवड्यात हीच एक रात्र.

फहाहील इथून लागूनच आहे. बसमधून उतरताना दाराच्या दांडीला हात लावू नका. सूर्य बुडून तास झाला तरी ती पोळते. निवडणूक आठवड्यावर आलीय, त्यामुळे मोकळ्या जागांवर उमेदवारांचे झगझगीत तंबू उभे आहेत. आपल्याला तिकडे जायचं नाही. मनी एक्स्चेंजच्या दारात रांग, शावरम्याच्या सळीवरून ठिबकणारी चरबी, सलूनमधून बाहेर येणारा अत्तर-पावडरीचा लोट, आणि या सगळ्यात एक बंगाली पोरगा फोनची कार्डं नाचवत ओरडतोय, ‘इंडिया, इंडिया, बांगलादेश!’ ते कार्ड नाण्यानं खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा, आणि आई ‘जेवलास का’ म्हणेपर्यंत निम्मी मिनिटं उडालेली असतात. पैसे घरी पोचतात, आवाज पोचतो. आज तुम्हाला तिसरंच काही धाडायचंय.

चढा जिना. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, वर सायबर कॅफे. दार ढकललं की एसीचा गारठा आणि पंचवीस माणसांचा घाम एकदमच अंगावर येतो. गल्ल्यावरचा मल्याळी चेट्टन ब्राझीलची पिवळी जर्सी घालून बसलाय. रात्री दहाला वर्ल्डकपात जपानशी मॅच आहे आणि कोपऱ्यातला टीव्ही आत्तापासूनच तापलाय. ‘बताका,’ म्हणत तो हात पुढे करतो. सिव्हिल आयडी दाखवल्याशिवाय इथे कॉम्प्युटर मिळत नाही, नियमच आहे तसा. वहीत नाव उतरतं, अर्ध्या दिनारची नोट गल्ल्यात जाते. ‘पाँच नंबर. बैठो.’

तुमच्याबरोबर कॅम्पमधले काका आलेत. चिपळूणकडचे, टँक फार्मवर केस पांढरे केलेले. त्यांना प्लॅस्टिकचं स्टूल मिळालंय. डावीकडे एक फिलिपिनो बाई वेबकॅमसमोर खेळण्यातली मोटार नाचवतेय. पलीकडे तिचा मुलगा हसत असावा. उजवीकडचा इजिप्शियन कानाला हेडफोन लावून भांडतोय, मोठ्या प्रेमानं.

पत्ता टाइप करा आणि थांबा. पान वरून खाली, तुकड्यातुकड्यानं येतं. आणि मराठी दिसते! नीट, जोडाक्षरांसकट. याचं नवल वाटू द्या, कारण याच वर्षी पुण्या-मुंबईच्या एखाद्या कॅफेत हेच पान उघडलंत तर चौकोनांची रांग दिसायची भीती, नाहीतर वेलांट्या भलत्याच अक्षरापाशी जाऊन बसलेल्या. विंडोज एक्सपीत देवनागरी धड दिसायची तर सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करायची आणि सीडी घालायची. उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांनाही तीच खूण लागते. कुवेतमध्ये अरबीवाचून कुणाचं चालणार? म्हणून ती इथे आधीच केलेली असते. अरबीचं बोट धरून मराठी फहाहीलच्या माडीवर पोचली, हे मला फार आवडतं.

हा मराठी विकिपीडिया. २००३च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेला. जाडजूड ज्ञानकोशाच्या अपेक्षेनं आलात तर हिरमोड होईल. कितीतरी पानं दीड-दोन ओळींची आहेत आणि जागोजागी लाल दुवे, म्हणजे तिथे अजून कुणी काही लिहिलेलंच नाही. पण पानाच्या माथ्यावर बघा: संपादन. काकांना वाटतं, ते बटण मालकासाठी असणार. ‘आपण दाबलं तर चालेल काय रे?’

चालेल, काका. मालकच नाहीये. इथे नाव नाही सांगितलंत तरी चालतं, हुद्दा कुणी विचारत नाही, आणि रोज सकाळी गेटवर दाखवायचा तो पास इथे कुणाला बघायचा नाही. परदेशातली मराठी माणसं मायबोली या संकेतस्थळावर १९९६पासून जमताहेत, मनोगत सुरू होऊनही दोनेक वर्षं होत आली. तिथे गप्पा आहेत, कविता आहेत, पाककृती आहेत. पण तिथलं लिखाण ज्याचं त्याचं. इथे तुमचं वाक्य दुसरा कुणीही उचलणार, नीट करणार, वाटलं तर पुसणार. रिकाम्या पानाला हात घालायची जी धडधड आत्ता तुमच्या छातीत होतेय ना, ती त्यामुळे.

काका सांगायला लागतात आणि कॅफेचा गोंगाट मागे हटतो. तेल आधी अहमदीच्या टेकाडावरच्या टाक्यांत येतं. तिथून खाली धक्क्यावरच्या जहाजापर्यंत पंप लागत नाही. उतारच त्याला घेऊन येतो. पहिलं जहाज भरलं ते ३० जून १९४६ला, ब्रिटिश फ्युझिलियर त्याचं नाव, आणि चाक फिरवून तेल सोडलं ते खुद्द अमीर अहमद अल-जाबिर यांनी. त्यांच्याच नावावरून हे अहमदी. ‘म्हणजे आठ दिवसांनी साठ वर्षं होतील बघ,’ काका म्हणतात. ‘मराठीत कुठं लिहिलंय कुणी?’

लिहा मग. मराठी उमटवायला मनोगतची खिडकी उघडा, तिथे रोमन अक्षरं दाबली की देवनागरी होतात. मग मजकूर उचलून इकडे आणून चिकटवा. कॅपिटल एल दाबला की ळ, कॅपिटल एन दाबला की ण. ‘ज्ञ’ सापडेपर्यंत मॅच सुरू झालीय. कीबोर्डवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं छापलीत आणि निम्मी बोटांनी घासून गेलीत. चुकून आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले जातात आणि तुमचं वाक्य मधूनच अरबी होऊन उलट्या दिशेनं धावायला लागतं. काका घाबरतात. शेजारचा इजिप्शियन भांडण न थांबवता हात लांबवतो, दोन कळा दाबतो, सगळं जागेवर येतं. तिकडे जपाननं पहिला गोल केलाय आणि चेट्टननं चहा पाठवणं बंद केलंय.

सहा ओळी झाल्या. वाचून दाखवा. काका एक शब्द बदलायला सांगतात, मग पुन्हा पहिलाच ठेवायला सांगतात. मध्यंतराच्या तोंडावर रोनाल्डो डोकं लावतो, अख्खी माडी ओरडते, खुर्च्या पडतात, आणि त्या आरोळीत तुम्ही ‘जतन करा’ दाबता.

पान पुन्हा उघडतं. तुमच्या सहा ओळी तिथे आहेत. मुंबईत, सोलापुरात, न्यू जर्सीत, कुणीही उघडलं तर आहेत. काका चष्मा पुसतात. मला विचाराल तर या सगळ्या काळात माणसाला जे मिळालं ते हेच: आयुष्यभर दुसऱ्यानं छापलेलं वाचणाऱ्याच्या हाती लेखणी आली, तीही त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी.

अजून वेळ उरलाय, तर काकांना विकिमॅपिया दाखवा. निघून महिनाही झालेला नाही. उपग्रहातून घेतलेलं जगाचं चित्र, आणि त्यावर कुणीही चौकट ओढायची, नाव लिहायचं. आधी मीना अल-अहमदी: टाक्यांची वर्तुळं, समुद्रात घुसलेले धक्क्यांचे लांब दांडे. मग माउस धरून ओढत चला, इराणचा किनारा, मकरान, गुजरात, खाली कोकण. कोकणचं चित्र धुरकट आहे. काका पडद्याला नाक लावतात. ‘थांब! ही दाभोळची खाडी. हा अंजनवेलचा प्रकल्प. आता नदीनं वर जा, सावकाश.’ वाशिष्ठीचं एकेक वळण ते बोटानं मोजतात. घरी आत्ता पाऊस कोसळतोय, चित्रात मात्र सगळं तपकिरी, उन्हाळ्यातलं. गाव म्हणजे नुसता हिरवट डाग. त्यावर चौकट ओढा. काका घराचं नाव सांगत नाहीत, आधी शाळेचं सांगतात. मग देवळाचं, मग साकवाचं. घर सगळ्यात शेवटी.

आता घड्याळ एक दिवस पुढे सरकवू. शुक्रवारची संध्याकाळ, अंगाला साबणाचा वास, कॅम्पमधल्या मटणाचं जेवण पोटात. तोच जिना. चेट्टन आज खूश, चार गोल झाले. पुन्हा पाच नंबर. पान उघडा आणि ‘इतिहास’ बघा.

रात्रीत कुणीतरी येऊन गेलंय. तुम्ही ‘किनार्यावर’ लिहिलं होतं, त्याचं ‘किनाऱ्यावर’ झालंय. ‘जहाज’पाशी एक दुवा जोडलाय. बाकी हात लावलेला नाही. त्या माणसाचा चेहरा तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि त्यालाही तुमच्या नावाच्या जागी नुसता आकड्यांचा अंकपत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, दिसतोय. (शेजारच्या कतारची तर याहून गंमत. तिथे जवळजवळ सगळा देश एकाच अंकपत्त्यावरून लिहितो, आणि या वर्षअखेरीस तो पत्ता अडवला जाऊन काही तास अख्ख्या देशाचंच नव्यानं खातं उघडणं बंद पडणार आहे.)

चर्चेच्या पानावर एक प्रश्नही आहे. ‘पंप लागत नाही’ याला संदर्भ काय?

काका भडकतात. ‘संदर्भ? मी रोज तिथं उभा असतो!’ तुम्हालाच समजावून सांगावं लागतं, काका, इथे डोळ्यांनी पाहिलेलं पुरत नाही, छापील काहीतरी लागतं. काकांचं हे दुखणं मला खरं वाटतं, आणि विचारणाऱ्याचं विचारणंही बरोबर वाटतं. तो नियम नसता तर उद्या कुणीही काहीही लिहून गेला असता. स्टुलावर बराच वेळ शांतता. शेजारच्या यंत्रावर कुणाचं तरी गाणं अडखळत वाजतंय.

‘त्याला लिही,’ काका म्हणतात, ‘थोडं थांब म्हणावं. स्टोअरमध्ये कंपनीची जुनी पुस्तकं आहेत, चित्रांसकट. उद्या ड्युटीवर गेलो की बघतो. आणि ते किनाऱ्याचं नीट केलंस, त्याबद्दल आभार म्हणून लिही.’

तुम्ही लिहिता. ‘पाँच नंबर, टाइम!’ चेट्टन ओरडतो. काका खिशातून अर्ध्या दिनारची नोट काढून तुमच्या पुढ्यात ठेवतात. ‘जा, देऊन ये. मग ते वाशिष्ठी लाल दिसतंय ना, ते उघड.’