धोपाव्याहून पलीकडे

धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोट सुटते. डावीकडे मागे अंजनवेलचा गोपाळगड आणि त्याच बाजूचा वीजप्रकल्प. एन्रॉनमुळे जगाला 'दाभोळ' हे नाव माहीत झालं, पण तो प्रकल्प या गुहागरच्या तीरावरचा. खरं दाभोळ समोर, वाशिष्ठीच्या उत्तर काठावर. तुम्ही त्याच्याकडे बघत राहा.

मध्यावर इंजिनाची धडधड थांबते. साल 1472च्या आसपासचं. खाडीत गलबतांची दाटी. अरबस्तानातून आलेले घोडे बुजत, फुरफुरत किनाऱ्यावर चढतायत. घाटावरून कापड घेऊन आलेले बैल सावलीत रवंथ करतायत. याच बंदरात वीसेक वर्षांपूर्वी उतरलेला गीलानचा व्यापारी महमूद गवाँ आता बिदरला बहमनी राज्याचा वजीर आहे. आणि धक्क्यावर, गर्दीपासून जरा बाजूला, एक रशियन उभा आहे: त्वेर गावचा अफनासी निकितीन. होर्मुझपर्यंतच्या जागेसाठी त्याने सोन्याची दोन नाणी मोजलीत. त्याची पुस्तकं वाटेत लुटली गेली, तेव्हापासून ईस्टर कधी येतो तेही त्याला कळेनासं झालंय. त्याच्याशी बोलावंसं वाटतं, भाषा येत नाही. तो घरी पोचणार नाही, स्मोलेन्स्कजवळ वाटेतच मरणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला नाही.

वारा फिरतो. 1508, डिसेंबरची अखेर. चौलच्या लढाईत मुलगा गमावलेला पोर्तुगीज विजरई अल्मेडा आपलं आरमार घेऊन खाडीत शिरलाय. चौल इथून कितीतरी उत्तरेला. सूड मात्र दाभोळवर. कत्तलीतून पोरंबाळंही सुटत नाहीत. मग आग. ज्या रस्त्याने घोडे गेले होते, त्या रस्त्याने आता माणसं डोंगराकडे पळतायत. इथे थांबू नका, पण हे विसरूही नका.

डोळे उघडता तेव्हा किनाऱ्यावर पाथरवटांच्या छिन्न्या वाजतायत. 1659च्या सुमारास मशीद उभी राहतेय: चार मिनार, मधोमध मोठा घुमट, विजापुरी घाटाची. लोक म्हणतात, हजला निघालेली आदिलशाही शाहजादी इथे अडकली आणि प्रवासासाठी आणलेलं द्रव्य तिने या बांधकामात घातलं. दोनच वर्षांत शिवाजी महाराज दाभोळ घेतील. मशीद आजही तशीच उभी आहे. गावात तिला अंडा मशीद म्हणतात.

बोट धक्क्याला लागते. गाड्या उतरतात. तुम्ही गावातून चंडिकादेवीकडे जा. वाकून गुहेत शिरायचं, एका हाताने कातळ चाचपत. आत विजेचा दिवा नाही, तेलाचे दिवे तेवढे. डोळे सरावेपर्यंत देवी दिसत नाही. पायाखाली गार दगड, नाकात तेलाचा वास. बाहेर कुठलं साल चालू आहे, हे आतून सांगता येत नाही.

पुजाऱ्यांनी हातावर प्रसाद ठेवला की मगच बाहेर या.