उमेदवार कोणी ठरवायचा?



निवडणूक जवळ आली की पारावर, चहाच्या दुकानात आणि न्हाव्याच्या खुर्चीत एकच प्रश्न ऐकू येतो: ‘तिकीट कुणाला?’ कोणी एक नाव घेतो, दुसरा ते खोडून काढतो, आणि तिसरा ‘आतली बातमी’ म्हणून भलतेच नाव पुढे करतो. शहाणी माणसे ह्या बोलण्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. मतपेटीपुढे उभे राहिल्यावर आपल्या हाती समोरच्या नावांतून एक निवडणे एवढेच उरते. ती नावे तेथवर कशी आली, कोणी आणली आणि कोणती नावे वाटेतच गळाली, ह्यात निम्मी निवडणूक होऊन गेलेली असते. तेव्हा ‘तिकीट कुणाला?’ हा प्रश्न पोरकट नाही. तो आपण फार उशिरा आणि फार हळू आवाजात विचारतो, एवढेच त्याचे वैगुण्य.

ह्या प्रश्नाचा एक जुना दाखला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. तो अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला आणि १८५८ सालचा आहे. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने एवढ्या दूर का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण पाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोचे कामगार रस्त्यावर आले, हे आम्ही सभांतून ऐकले होते. हे शिकागो आहे तरी कोठे, म्हणून नकाशा उघडला, तर ते इलिनॉय राज्यात निघाले. त्या राज्याचा इतिहास चाळता चाळता अब्राहम लिंकन भेटला. ह्या माणसाची सगळी शाळा मिळून वर्षभराचीही नव्हती, हे वाचल्यावर आम्ही ते पुस्तक खाली ठेवले नाही.

प्रथम सेनेट म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेच्या संविधानाने प्रत्येक राज्याला, मग ते मोठे असो वा लहान, सेनेटच्या दोन जागा दिल्या. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा भरावयाच्या. मूळ व्यवस्थेत सेनेटर निवडण्याचा हक्क लोकांना नव्हता. तो राज्याच्या विधिमंडळाला होता. आपल्या राज्यसभेकडे पाहिले की हे चित्र चटकन ध्यानात येते. लोकांनी आमदार निवडायचे आणि आमदारांनी सेनेटर. मधल्या खोलीत काय घडते, ते लोकांना दिसत नसे.

त्या खोलीत काय घडू शकते, ह्याचा अनुभव लिंकनला १८५५ साली आला. आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, इलिनॉयचाच डेमोक्रॅट सेनेटर स्टीफन डग्लस ह्याने कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर करून घेतला होता. १८२० च्या तडजोडीने ज्या उत्तरेकडच्या प्रदेशात गुलामगिरीला मज्जाव होता, तेथे आता वस्तीला येणाऱ्यांनी मतांनी काय ते ठरवावे, असे ह्या कायद्याने झाले. गुलामगिरीला जणू कुंपण काढून दिले. त्यावर उत्तरेत एकच गहजब उडाला आणि वकिलीत रमलेला लिंकन पुन्हा राजकारणात उतरला. विधिमंडळाचा सभासद सेनेटवर जाऊ शकत नसे, म्हणून त्याने आपली नुकतीच जिंकलेली विधिमंडळाची जागा सोडली. पोटनिवडणुकीत ती विरोधकांनी घेतली! हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागला, असे त्या वेळी कोणी म्हटले असल्यास नवल नाही.

८ फेब्रुवारी १८५५ रोजी मतदान सुरू झाले. निवडून येण्यास ५१ मते हवी होती. पहिल्या फेरीत लिंकनला, त्याच्याच पत्रातल्या हिशेबाप्रमाणे, ४४ मते पडली, सर्वांत अधिक. लायमन ट्रंबल नावाच्या गृहस्थाला अवघी पाच. ट्रंबल मूळचा डेमोक्रॅट, पण नेब्रास्का कायद्याच्या विरुद्ध. त्याचे ते पाच जण जुन्या व्हिग पक्षाच्या लिंकनला मत द्यायला काही केल्या तयार होईनात. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. लिंकनची मते गळत पंधरावर आली, आणि तिकडे गव्हर्नर मॅटिसन, ज्याने नेब्रास्काच्या प्रश्नावर उघड बाजू घेण्याचे टाळले होते, तो ४७ पर्यंत चढला. आणखी चार मते फुटली असती तर जागा गेलीच असती.

तेव्हा लिंकनने आपल्या उरलेल्या पंधरा माणसांना निरोप दिला: मत ट्रंबलला द्या. दहाव्या फेरीत ट्रंबल ५१ मतांनी निवडून आला. चव्वेचाळीसवाल्याने पाचवाल्यासाठी जागा सोडली. प्रसंग लहान दिसतो खरा. पण पुढचा सारा इतिहास ह्या बिजातून उगवला आहे.

आता १८५८ कडे येऊ. डग्लसची मुदत संपत आली होती. १८५७ मध्ये डेमोक्रॅट पक्षात मोठी फूट पडली. कॅन्ससवर गुलामगिरीचे संविधान लबाडीने लादण्याचा घाट घातला गेला, आणि राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन ह्यांनी त्याला पाठिंबा दिला. डग्लसने मात्र भर सेनेटमध्ये त्याला विरोध केला. झाले! ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली ह्याला वाटले की इलिनॉयच्या रिपब्लिकनांनी डग्लसपुढे उमेदवार उभाच करू नये, त्याला निवडून येऊ द्यावे, म्हणजे शत्रूच्या गोटात फूट कायम राहील. मॅसॅच्युसेट्सच्या सेनेटर विल्सनसारखी मंडळीही ह्याच मताची होती.

हा विचार अगदीच मूर्खपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. शत्रूचे दोन तुकडे होत असतील तर त्यांना होऊ द्यावे, हे शहाणपण कोणत्याही चळवळीत चालते. पण त्यात एक गोष्ट राहून गेली होती. डग्लस भांडत होता तो लबाडीशी, गुलामगिरीशी नव्हे. मतांनी गुलामगिरी आली काय आणि गेली काय, आपल्याला तिचे सोयरसुतक नाही, ही त्याची भूमिका जशीच्या तशी होती. त्यालाच आपला म्हणायचे, तर पक्ष काढला कशासाठी?

लिंकन अस्वस्थ झाला. डिसेंबर १८५७ मध्ये त्याने ट्रंबलला पत्र लिहून विचारले की ही ट्रिब्यूनवाली मंडळी डग्लसची सारखी तारीफ करतात, त्याचा अर्थ काय समजायचा? इलिनॉयमध्ये त्या पत्राचे पाच-दहा हजार रिपब्लिकन वाचक होते. रोज रोज कानी पडले म्हणजे माणसाला खरे वाटू लागते. १८५८ च्या वसंतात लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन न्यूयॉर्कला जाऊन ग्रीलीला भेटून आला. ग्रीलीचे मत बदलले नाही.

इकडे राज्यात दुसरी कुजबूज सुरू होती. डेमोक्रॅट मंडळी सांगत सुटली की लिंकन हा नुसता देखावा आहे. निवडणुकीपुरते त्याचे नाव पुढे करतील, आणि विधिमंडळ भरले की शिकागोचा माजी महापौर जॉन वेंटवर्थ ह्याला निवडतील. हा वेंटवर्थ साडेसहा फूट उंच, ‘लाँग जॉन’ म्हणून प्रसिद्ध आणि महत्त्वाकांक्षेतही मागे नसलेला. अफवा लोकांना पटण्याजोगी होती, कारण १८५५ साली लोकांनी तेच पाहिले होते: आत गेला एक आणि बाहेर आला दुसरा.

अशा वेळी इलिनॉयच्या साध्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते ह्या कहाणीतले खरे कर्तृत्व ते हेच. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पक्षसभांनी उघड ठराव करून लिंकनचे नाव घ्यायला सुरुवात केली. १६ जून १८५८ रोजी स्प्रिंगफील्ड येथे राज्याचे अधिवेशन भरले. शिकागोचे प्रतिनिधी एक फलक घेऊन आले. त्यावर आपला कुक जिल्हा लिंकनच्या बाजूचा आहे असे लिहिले होते. तेव्हा एक प्रतिनिधी उठला आणि म्हणाला की जिल्ह्याचे नाव काढून तेथे ‘इलिनॉय’ लिहा. सभागृह दणाणून गेले. नंतर ठराव झाला की डग्लसच्या जागी सेनेटसाठी लिंकन हीच इलिनॉयच्या रिपब्लिकनांची पहिली आणि एकमेव पसंती आहे.

त्या काळी ही रीत जवळजवळ नव्हतीच. सेनेटरचे नाव विधिमंडळ भरल्यावर ठरायचे. ते लोकांच्या अधिवेशनाने सहा महिन्यांहून अधिक आधी जाहीर केले, ह्याचा परिणाम काय झाला पाहा. न्यूयॉर्कच्या संपादकाला उत्तर मिळाले, आणि वेंटवर्थची अफवाही निकालात निघाली. ह्याहून महत्त्वाचे हे की आमदाराला मत देणाऱ्या शेतकऱ्याला आता ठाऊक होते की आपण अखेर कोणाला मत देत आहोत. कायद्याचा एक शब्द न बदलता बंद खोलीची खिडकी उघडली गेली. पुढे २१ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ह्या काळात लिंकन आणि डग्लस ह्यांच्यात सात गावी जाहीर वादविवाद झाले. प्रत्येक ठिकाणी पहिल्याने एक तास, दुसऱ्याने दीड तास, आणि उत्तराला अर्धा तास. मतपत्रिकेवर त्या दोघांपैकी कोणाचेच नाव नसताना हजारो लोक उघड्यावर तीन तीन तास उभे राहून ऐकत होते! व्याख्यानमालेला येणाऱ्या श्रोत्यांना ह्यातले मोल आम्ही सांगायला नको.

इतिहास सांगताना हातचे राखू नये. ते मतदार म्हणजे केवळ गोरे पुरुष होते. चार्ल्सटनच्या सभेत लिंकनने, काळ्या लोकांना सामाजिक व राजकीय बरोबरी देण्याच्या बाजूचा आपण नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. मतांसाठी माणूस कोठवर वाकतो, किंवा त्याचे स्वतःचे मनच तेव्हा कोठवर पोचलेले असते, हे त्यातून दिसते. थोर माणसाची पूजा बांधली की हे भाग नैवेद्याखाली झाकले जातात. ते झाकू नयेत.

आणि निकाल? लिंकन हरला. नोव्हेंबरात रिपब्लिकनांना राज्यभर थोडी अधिक मते पडली होती, परंतु मतदारसंघांची वाटणी जुनी होती आणि काही जुने सभासद मुदत शिल्लक असल्याने बसून होते. ५ जानेवारी १८५९ रोजी विधिमंडळाने मते मोजली: डग्लस ५४, लिंकन ४६.

पण १८५५ च्या त्या त्यागाचे व्याज आता मिळू लागले होते. त्या वेळी लिंकनला मत नाकारणाऱ्या पाचांपैकी एक होता नॉर्मन जड. हाच जड १८५८ मध्ये राज्य समितीचा प्रमुख म्हणून लिंकनसाठी राबला. वादविवादाचे आव्हान डग्लसच्या हाती नेऊन देणारा तोच, आणि मे १८६० मध्ये शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनचे नाव मांडणाराही तोच. आणि ट्रंबल? १८६४ मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती सेनेटपुढे आणणाऱ्या न्यायसमितीचा तो अध्यक्ष होता. डिसेंबर १८६५ मध्ये ती दुरुस्ती पक्की झाली. आमच्या महाराष्ट्रात १८७३ साली महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केले, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक. स्प्रिंगफील्डच्या दहाव्या फेरीपासून पुण्यापर्यंत अशी एक वाट येते.

बंद खोली मात्र एका ठरावाने कायमची उघडली नाही. माँटाना राज्यात तांब्याच्या खाणींचा मालक विल्यम क्लार्क ह्याने सेनेटची जागा लाच देऊन मिळवल्याचे चौकशीत दिसले आणि १९०० साली त्याला ती सोडावी लागली. डेलावेअरमध्ये भांडणे इतकी विकोपाला गेली की १९०१ ते १९०३ त्या राज्याला एकही सेनेटर नव्हता. खुद्द इलिनॉयच्या लॉरिमरची निवड लाचलुचपतीपायी १९१२ मध्ये रद्द झाली. अखेर १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सेनेटर थेट लोकांनी निवडावा असे ठरले. तिकडे आता पक्षाचा उमेदवारही बहुधा प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात. तरीसुद्धा नाव आधी कोण पुढे करतो, पैसा कोणाच्या मागे उभा राहतो, हे प्रश्न तेथेही सुटलेले नाहीत. खोलीचे दार काढले तरी माणसे कोपरा शोधतात.

आता थोडे घरचे सांगतो, कारण दुसऱ्याच्या देशाला शहाणपण शिकवून बसणे बरे नव्हे. आम्ही ज्या संघटनेत वाढलो, तेथे कार्यकारिणीची नावे एका खोलीत ठरत आणि यादी खात्याखात्यांत वाचून दाखवली जाई. एका वर्षी त्या यादीत आमचे नाव होते. ओतकाम खात्यातल्या ज्या माणसाला कामगार मानत, त्याचे नव्हते. आम्हाला ते ठाऊक होते. आम्ही गप्प बसलो आणि निवडून आलो. दोन वर्षांनी संप झाला. पहिल्या सकाळी दरवाजावर आमच्याही आधी तो माणूस येऊन उभा होता. पण त्याचे खाते निम्मेदेखील बाहेर आले नाही. संप अकराव्या दिवशी मोडला. दोष मालकाला देऊन आम्ही भाषण केले. घरी आल्यावर मात्र खरा हिशेब कळला. खात्यातल्या माणसांना आम्ही उमेदवार ठरवताना विचारले नव्हते. मग लढताना त्यांनी आम्हाला का विचारावे?

म्हणून श्रोतेहो, पुढच्या खेपेला पारावर नावांची चर्चा रंगेल तेव्हा ती थांबवू नका. तिच्यात दोन प्रश्न घाला. हे नाव प्रथम कोणाच्या तोंडून आले, आणि त्या तोंडाला आपल्या गावाचे पाणी ठाऊक आहे काय? आणि ह्या माणसाचे नाव पूर्वी कधी मागे पडले होते, तेव्हा त्याने काय केले? पहिल्या प्रश्नाने खोली कळते, दुसऱ्याने माणूस. आमच्या बाबतीत कोणी हे दोन प्रश्न वेळेवर विचारले असते, तर त्या वर्षी ओतकाम खात्यातला तो गृहस्थ निवडून आला असता, आणि ते संघटनेच्या अधिक हिताचे झाले असते.