बिनमोटारीचं माथेरान

मंडळी, हल्ली ओळखीतली मुलं-नातवंडं युरोपात जाऊन येतात आणि स्वित्झर्लंडच्या झरमॅटचे फोटो पाठवतात. आल्प्सच्या कुशीतलं सुंदर गाव. मोटारी अलीकडच्या गावात ठेवायच्या आणि पुढे रेल्वेने जायचं. "गावात एकही मोटार नाही!" असं कौतुकाने लिहितात. कौतुक करावं असंच आहे ते. पण बाबांनो, तसं गाव आपल्या रायगड जिल्ह्यातही आहे... माथेरान!

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने तिथे थंड हवेचं ठिकाण वसवायला चालना दिली. बेन्झच्या मोटारीचं पेटंट १८८६ सालचं, म्हणजे माथेरान मोटारीच्या आधीचं! त्याच्या वाटा पायांसाठी, घोड्यांसाठी आणि पालख्यांसाठी आखल्या गेल्या. लाल मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या.

१९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून काढली. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे! २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग उद्ध्वस्त केला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मोटारीचा रस्ताही डोंगरावर आला, पण दस्तुरी नाक्याशी थांबला. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं आणि ही जुनी रीत कायद्याने पक्की झाली.

आमच्या सुलतानपूरला दिवसभर कर्कश हॉर्न ऐकणाऱ्याला त्या शांततेचं मोल वेगळं सांगायला नको.

पण इतिहास शिकवताना मी मुलांना एक सवय लावत असे. कुठलीही सोय दिसली की विचारायचं, तिचं ओझं कोण वाहतं? माथेरानात ते ओझं वाहिलं माणसांनी. आधी पालखीचे भोई होते, नंतर हातरिक्षा आल्या. एक जण पुढून ओढणार, एक-दोघं मागून ढकलणार, चढ-उतार, ऊन, पाऊस काही न बघता. आपण आत बसून म्हणायचं, "काय शांत गाव आहे!"

झरमॅटच्या फोटोत एक गोष्ट नीट पाहा. तिथे पेट्रोलच्या मोटारी नाहीत, पण विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. म्हणजे शांतता राखायला माणसाला जुंपावंच लागतं असं नाही.

माथेरानच्या रिक्षावाल्यांनीही हेच मागितलं. त्यांची संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग करून बघायला परवानगी दिली. घोडेवाल्यांना पोटाची चिंता पडली, त्यांनी विरोध केला. तीही चिंता खोटी नव्हे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा आणि गुजरातच्या केवडियाप्रमाणे ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखा, असंही सांगितलं.

काहींना वाटतं, ई-रिक्षा आली की माथेरानचं माथेरानपण गेलं. मला तसं वाटत नाही. माथेरानपण त्या झाडांत आहे, लाल वाटांत आहे. माणसाने माणसाला ओढण्यात ते कधीच नव्हतं. संख्येवर बंधन हवं, ई-रिक्षेच्या मागून मोटार येता कामा नये, हे खरंच. पण शाळेत जाणारं पोर, गुडघे दुखणारी म्हातारी आणि रिक्षा ओढून दमलेला बाप, ही माणसंही त्याच गावची आहेत.

असो. माथेरानला जाल तेव्हा जमेल तितकं पायी फिरा. आणि झरमॅटचे फोटो पाठवणाऱ्यांना एकदा नेरळचं तिकीट काढून द्या!